आईसाठी लाल ट्रे

२ फेब्रुवारी

आणि वर ताई मलाच विचारते, तू काय डॉक्टर लागून गेलास का? मी कधी म्हटलं मी डॉक्टर आहे? मी एवढंच म्हटलं की आईला बटाटा देऊ नकोस. टोमॅटो देऊ नकोस, वांगं देऊ नकोस, साखर तर दाखवूही नकोस. यात चुकलं काय? पण नाही. मी धाकटा ना. मी सातवीत शाळा सोडली ना. फरश्या बसवायचं काम सोडलं, गॅरेज सोडलं, टेम्पो सोडला, म्हणजे आता माझ्या तोंडून शहाणपणाचं काही निघूच शकत नाही. "चार महिने झाले की तुला नवीन खूळ लागतं," म्हणे. "या वेळी निदान आईला तरी त्यात ओढू नकोस."

ताई आईपासून दोन गल्ल्या सोडून राहते, रोज संध्याकाळी डबा घेऊन जाते, त्यामुळे तिला वाटतं आई तिच्या एकटीची आहे. मी इतक्या लांब येऊन कुणासाठी घाम गाळतोय मग?

मी कुठे काम करतो हे ती विसरते. आरोग्यगृह आहे हे. दारात कारंजं आहे. माणसं स्वतःच्या गाडीतून लंगडत उतरतात आणि तीन आठवड्यांनी टुणटुणीत होऊन जातात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांना इथे मिळतं काय? ट्रे मिळतो. आणि तो ट्रे कोण भरतं? मी भरतो.

६ फेब्रुवारी

दुपारची पाळी आटपली. मागच्या दाराशी भाजीच्या क्रेटवर बसून लिहितोय. सगळं नीट लिहून ठेवलं की पुढच्या भांडणात ताईसमोर बोलताना अडखळायला होणार नाही.

इथे तीन रंगांचे ट्रे आहेत. हिरवा साखरेच्या आजारवाल्यांचा, ते सगळ्यांना माहीत आहे. लाल सांधेदुखीवाल्यांचा. हे मला कुणी सांगितलं नाही, मी स्वतः ओळखलं. जेवणघराच्या खिडकीतून मी ट्रे सरकवतो तेव्हा दिसतं ना. लाल ट्रे घेणारे सगळे गुडघ्यावर हात ठेवून चालतात, खुर्चीत बसताना "आई गं" म्हणतात. मग दुसरं काय असणार? आईला संधिवात आहे, यांनाही संधिवात आहे. तिचा बोटांत आणि मनगटांत आहे, यांचा गुडघ्यांत आहे, एवढाच फरक. सांधा तो सांधा.

लाल ट्रेत सकाळी पपईची फोड. दुपारी उकडलेला भोपळा आणि डाळीचं पाणी. संध्याकाळी काकडी आणि पातळ सूप. तेल नाही, मीठ चिमटीने. पहिल्या दिवशी मोठमोठी माणसं ट्रेकडे बघून रडकुंडीला येतात.

तिसरा पिवळा. तो लाडावलेल्यांचा. त्यात मासा, अंडं, मोड आलेली कडधान्यं, आक्रोड, दही, दोन तऱ्हेची फळं आणि वरून तेलाची धार. असले ट्रे मोजकेच असतात. पैसे जास्त भरले की पिवळा मिळत असणार.

वस्ताद, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचा मुख्य, म्हणतो, "रंग बघ आणि वाढ. कोणाला काय झालंय ते वरच्या आहारबाई बघतील." आहारबाई वरच्या मजल्यावर बसतात. खालच्यांनी वर जायचं नाही अशी पाटी नाही, पण कुणी जात नाही.

११ फेब्रुवारी

आईने लाल ट्रे सुरू केला! ताईने आणलेलं कालवण झाकून ठेवलं आणि भोपळा उकडून खाल्ला म्हणाली. "बेचव आहे रे मेला," म्हणाली, "पण तू सांगितलंस म्हणून गोड लागला."

तिची एकच तक्रार. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली आहे, ती घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळतं. अन्नावरची वासनाच जाते. मी रेडिओला विचारलं. रेडिओ म्हणजे आमचा भांडी घासणारा. नळ बंद होतो, त्याचं तोंड बंद होत नाही, म्हणून रेडिओ. त्याच्या मामीला हाच त्रास होता. टोमॅटो-वांग्याचंही मला त्यानेच सांगितलं होतं.

"गोळीसाठी अधूनमधून रक्त तपासायला लावतात ना?" त्याने विचारलं.

"लावतात."

"का लावतात?"

"मला काय माहीत?"

"लिव्हर खाते ना ती! औषध असतं तर तपासलं असतं का कुणी? आपण इथे भोपळा देतो, भोपळ्यासाठी तपासतो का कुणाचं रक्त?"

बोलायला जागाच ठेवली नाही त्याने. मी आईला सांगितलं, ट्रे चालू आहे तोवर गोळी बंद ठेव, पोटाला आराम दे.

"ताई ओरडेल रे."

"ताईला सांगतंय कोण?"

आई हसली. लहान मुलीसारखी हसली. "तू मोठ्या लोकांत वावरतोस, तुला कळत असणार," म्हणाली. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कुणी टाकलेला नाही. गॅरेजवाल्याने तर मला पाना सुद्धा मोजून दिला होता.

२० फेब्रुवारी

गुण येतोय! आईचं पोलकं सैल झालं. ताईने शिलाई घालून आत घेऊन दिलं आणि वर फोनवर मला तिरकं बोलली, "तुझ्या भोपळ्याने हाडं दिसायला लागलीत." तिला काय कळतंय. इथे लाल ट्रेवाल्यांचे कपडे सैल झाले की ते आरशासमोरून हलत नाहीत. काल एका काकांची पँट जेवणघरात घसरता घसरता राहिली तर त्यांनी आनंदाने वस्तादला बक्षीस दिलं. आई कधी जाड नव्हती हे खरं, पण सूज तर असेलच ना आतून. तीच उतरत असणार.

डोक्यात एक कल्पना आहे. अजून कुणाला बोललेलो नाही. इथलं सगळं शिकून घ्यायचं आणि घरी परत जाऊन सांधेदुखीचा डबा सुरू करायचा. घरपोच. एकदम लाल डबे आणायचे, लांबून ओळखू येतील असे. आणि जाहिरातीला पैसे नकोत, आईच जाहिरात. आई काजं करते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. शर्टाच्या दुकानातून गठ्ठा यायचा, ती दारात बसून बटणांची काजं हाताने शिवायची, इतकी बारीक की दुकानवाला गिऱ्हाइकाला भिंगातून दाखवायचा. त्या बोटांनी ती उद्या पूर्वीसारखी झरझर काजं करताना दिसली की लोक विचारणारच, काय खाता हो तुम्ही?

३ मार्च

आईशी बोललो. आता ती फोन समोर ठेवून स्पीकरवर बोलते. म्हटलं, फोन कानाला लाव, शेजारची कोंबडी मला जास्त ऐकू येते आणि तू कमी. तर म्हणाली, "असू दे रे, हात मोकळे राहतात." चांगलं आहे. कामात असणार.

काजांचं विचारलं. म्हणाली, सध्या दुकानातून माल कमी येतोय. मंदी सगळीकडेच आहे. रेडिओही तेच म्हणतो.

"आणि मुठी वळतात का सकाळी?"

"वळतात की."

"चहाचा कप?"

"वाटीतून पिते. बशीपेक्षा वाटी बरी."

कपाचा कान तुटला असेल. पुढच्या वेळी घरी जाताना कप घेऊन जायचे.

९ मार्च

स्वयंपाकघरात आज माझा मान वाढला. मी सगळ्यांना आईची गोष्ट सांगितली, गोळीविना, नुसत्या ट्रेवर, आणि डब्याची कल्पनाही. वस्ताद कांदा चिरता चिरता म्हणाला, "मग तुझ्या आईलाच आणून बसव वर. आहारबाईंचा पगार वाचेल." सगळे हसले. हसू देत. माझा पहिला डबा गेला की हेच कामाला घेतोस का म्हणून विचारतील मला.

रेडिओने भागीदारी मागितली. म्हणाला कल्पना अर्धी त्याची आहे. टोमॅटोचा भाग त्याचा, हे मी मान्य केलं.

१७ मार्च

आईला कणकण आहे. अंग मोडून आलंय, सकाळी उठायला दुपार होते म्हणाली. मी घाबरलो नाही. लाल ट्रेवालेही पहिल्या आठवड्यात डोकं धरून बसतात, चिडचिड करतात. अंगातली घाण बाहेर पडते तेव्हा असं होतं. आईची जुनी घाण, वेळ जास्त लागणार.

ताईने फोन घेतला मधेच. "ती सकाळी कुशीवरून वळताना ओरडते, तू ऐकलंस का कधी? मला डॉक्टरांकडे न्यायची आहे, ती येतच नाही. म्हणते, धाकट्याचा हुरूप जाईल."

"गोळी घेते ना ती?" असंही विचारलं तिने. मला का विचारते? आईला विचार. मी म्हटलं, "घेत असेल."

खोटं नाही ते. "असेल" म्हटलं मी.

२४ मार्च

आज जे झालं ते लिहू की नको असं झालंय.

जेवणघरात वाढणारा पोरगा आला नाही, म्हणून वस्तादने मला धुतलेला कोट घालून बाहेर पाठवलं. पिवळ्या ट्रेवाल्या एक मास्तरीणबाई आहेत, निवृत्त, दरवर्षी येतात म्हणे. ट्रे ठेवला तर माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. बोटं एका बाजूला झुकलेली, मधले सांधे गाठीसारखे. हुबेहूब आईचे हात. आणि समोर मासा आणि तेलाची धार. मला राहवलं नाही.

"बाई, एक सांगू का? तुम्ही हा ट्रे सोडा. लाल घ्या."

"का रे बाबा? एवढा चांगला मासा आहे."

"तुम्हाला संधिवात आहे ना? माझ्या आईलाही आहे. लाल ट्रेवर ठेवलंय मी तिला. पोलकं सैल झालं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, पटलं.

"आई जाड आहे का तुझी?"

"छे, काडीसारखी."

"आणि तिला तू वजन उतरवायच्या ट्रेवर ठेवलंस?"

मी म्हटलं, वजन नाही हो, सांधे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मास्तरणी वर्गात बघतात तशा. मग म्हणाल्या, "औषध काय घेते?"

"बंद केलं. त्याची गरजच राहिली नाही."

त्यांनी हाक मारली. आहारबाई खरोखरच वरून खाली आल्या. कोट घातलेल्या, तरुण आहेत, मला वाटलं होतं म्हाताऱ्या असतील. त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि मला उभं ठेवून सगळं विचारलं. मीही सगळं सांगितलं. रेडिओचं नाव तेवढं गाळलं.

लाल ट्रे सांधेदुखीचा नाहीच. जाड माणसांचा आहे. त्यांचे गुडघे वजनाखाली झिजलेत, वजन उतरलं की गुडघ्यावरचा भार कमी होतो, म्हणून ती टुणटुणीत होतात. आईचं दुखणं निराळं. "अंगातली राखण करणारी फौज उलटली आहे तिच्यावर," आहारबाई म्हणाल्या. "स्वतःचेच सांधे शत्रू समजून तोडते आहे. ती फौज आवरायचं काम त्या आठवड्याच्या गोळीचं. रक्त तपासतात ते गोळी अंगाला सोसते का बघायला, विष आहे म्हणून नाही. आणि त्या आजारात माणूस आधीच झिजतो. त्याला भरपेट द्यायचं. मासा, अंडं, डाळी, आक्रोड, चांगलं तेल."

"म्हणजे पिवळा," मी म्हटलं.

"म्हणजे पिवळा. त्यानेही आजार जात नाही, बरं का. थोडा हातभार लागतो, ताकद राहते. एवढंच."

"आणि टोमॅटो?"

"टोमॅटो कुणी बंद केला?"



मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी याच दुखण्यासाठी दर पंधरा दिवसांनी पोटात सुई टोचून घेते. इथे येते ती नवऱ्याच्या घोरण्यातून सुटका म्हणून." त्या हसवायला बोलल्या हे कळलं. मला हसू आलं नाही.

दोन महिने मी रोज पिवळा ट्रे भरतोय. तेलाची धार माझ्याच हाताने सोडतोय.

२५ मार्च

आज घरी फोन केला नाही. काम फार होतं. काम फार नव्हतं.

रेडिओला विचारलं, तुझ्या मामीचं पुढे काय झालं? म्हणाला, "मामी? ती तर अंथरुणावरच आहे. तिने पथ्य नीट पाळलं नाही ना." भागीदारी मोडली.

२६ मार्च

आईला फोन केला. साधा, हसत हसत, जसं काही झालंच नाही. म्हटलं, आई, आता जरा गोळी परत सुरू करायची आपण. डॉक्टरांकडे जा, त्यांना विचार.

"अगं बाई! कशाला? ती लिव्हर खाते."

"तसं काही नसतं."

"तूच म्हणालास. भोपळ्यासाठी कुणी रक्त तपासतं का, म्हणालास. मी शेजारणीला सांगितलं, तिलाही पटलं. तिने तिची रक्तदाबाची गोळी बंद केली."

मी क्रेटवरून उठून उभा राहिलो.

"आई, तिला म्हणावं आत्ताच्या आत्ता चालू कर!"

"तू थकलास रे. तिकडे कामाचा ताण असतो. माझी काळजी नको करू, माझं मस्त चाललंय."

माझे शब्द तिच्या तोंडी असे पक्के बसलेत की मलाच उपटता येईनात. शाळेत माझ्यावर एवढी मेहनत कुणी घेतली असती तर मी आज वरच्या मजल्यावर असतो.

२९ मार्च

मास्तरीणबाईंना विनंती केली, तुम्ही बोला तिच्याशी. त्यांनी लगेच फोन मागितला. कोपऱ्यात बसून बराच वेळ बोलल्या. हसत होत्या, मधेच स्वतःची बोटं पुढे करून बघत होत्या. आईला दिसत नाही हे विसरल्या बहुतेक. मला वाटलं, सुटलो.

नंतर आईशी बोललो.

"फार छान बाई आहेत रे. किती शिकलेल्या, किती सोशिक. बिचारीला अजून सुया टोचून घ्याव्या लागतात."

"मग? तू घेशील ना गोळी?"

"मी कशाला? तिला तुझ्यासारखा मुलगा नाही म्हणून घ्यावं लागतंय ते सगळं."



३१ मार्च

ताईला सांगितलं. सगळं. गोळीचंसुद्धा. ती कपडे इस्त्री करायच्या दुकानात काम करते, तिथे काउंटरवर फोन केला, म्हणजे गिऱ्हाइकांसमोर ती फार ओरडणार नाही असा हिशेब होता. ती ओरडलीच नाही. इस्त्रीची वाफ तेवढी ऐकू येत होती.

मग म्हणाली, "कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"मी रोज जाते तिथे. रोज डबा ठेवते. आणि तुम्ही दोघं मिळून…"

एवढंच बोलून तिने फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिचा परत फोन. आईला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. काजांचा गठ्ठा दारामागे तसाच पडून आहे, माल कमी वगैरे काही नाही. दुकानवाला दोनदा येऊन गेला. वाटीतून चहा पिते कारण कपाच्या कानात बोट जात नाही. आणि तरी डॉक्टरांकडे चल म्हटलं की म्हणते, धाकट्याला विचारून सांगते.

"तूच बिघडवलंस, तूच सोडव," ताई म्हणाली. "माझं ती ऐकत नाही. मी काय, मी तर दोन गल्ल्यांवर राहते."

२ एप्रिल

रात्रभर विचार केला असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे भांडी पुसता पुसता सुचलं.

आईला खरं सांगून उपयोग नव्हता. तिला वाटतं मी कुणाच्या तरी दबावाखाली आहे. म्हणून मी तिच्याच भाषेत बोललो. म्हटलं, "आई, तुला मी आजवर साधा ट्रे सांगत होतो. खालच्यांचा. मला वाटलं तुझ्या खिशाला झेपणार नाही. पण आता मोठा ट्रे उघडलाय माझ्यासाठी. पिवळा. बड्या लोकांचा."

"हो का?" लगेच आवाज बदलला.

"त्यात मासा आहे, अंडं आहे, आक्रोड आहेत. तेलाची धार आहे. आणि त्या ट्रेत वाटीत गोळी ठेवूनच येते. गोळीशिवाय तो ट्रे चालत नाही. अर्धवट केला तर उलटतो."

"मोठी माणसं घेतात का ती गोळी?"

"सगळ्यात मोठी घेतात. मास्तरीणबाई सुई घेतात कारण त्यांचा ट्रे त्याच्याही वरचा आहे."

आई म्हणाली, "मग आधीच नाही का सांगायचं? उगाच भोपळा खात बसले."

उद्या ताई तिला डॉक्टरांकडे नेते आहे. आधी रक्त बघतील, मग डॉक्टर ठरवतील गोळी कधी आणि किती. मी ताईला बजावलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुनी गोळी हातावर ठेवू नकोस. ती म्हणाली, "हे तू मला सांगतोयस?" बरोबर आहे तिचं.

शेजारणीचीही गोळी सुरू करून दिली ताईने. ते आईकडून कळलं. 

४ एप्रिल

डॉक्टरांनी आईला विचारलं, गोळी कुणी बंद केली? आई म्हणाली, "मीच विसरत होते हो. वय झालं." ताई शेजारीच बसली होती. ताईनेही मान डोलावली म्हणे.

मी ताईला म्हटलं, तू सांगून टाकायचंस माझं नाव. ती म्हणाली, "डॉक्टरांना तुझं नाव घेऊन काय करायचंय? ते काय तुझ्या डब्याचे गिऱ्हाईक आहेत?" म्हणजे मी आईला विश्वासाने सांगितलेलं डब्याचंही तिने सांगून टाकलं होतं. आई गल्लीभर सांगत होती, माझा मुलगा येऊन धंदा टाकणार आहे.

सूज आवरायला थोडे दिवस वेगळी गोळी दिलीये, आणि आठवड्याची परत सुरू. गुण यायला महिना-दोन महिने लागतील. ताटात काय वाढायचं हे डॉक्टरांनीही जवळजवळ आहारबाईंसारखंच सांगितलं. टोमॅटो खा म्हणाले.

२२ एप्रिल

मास्तरीणबाई परत गेल्या. निघताना खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "आईला नमस्कार सांग. आणि कुणाला काही सुचवायचं असलं की आधी वर जाऊन विचार. जिन्याला काही कुलूप नाही."

परवा गेलो वर. आहारबाईंना विचारलं, हडकुळ्या माणसाला आक्रोड महाग पडत असतील तर काय द्यायचं? त्यांनी जवस आणि शेंगदाणे सांगितले, लहान मासे चालतील म्हणाल्या, ते उलट चांगले. वस्ताद खालून ओरडत होता, कुठे मेला हा. मी पायऱ्या उतरताना त्याला म्हटलं, "वर होतो." तो बघत राहिला.

डब्याची कल्पना सोडलेली नाही. थोडी बाजूला ठेवली आहे. लाल रंग नको, एवढं ठरलं.

९ मे

आईचा फोन. स्पीकरवर नव्हता. श्वास कानात ऐकू येत होता. कुणाला सांगणार हे, पण मी तो नुसता ऐकत बसलो होतो थोडा वेळ.

सकाळचा आखडलेपणा कमी झालाय. केस स्वतः विंचरते. मासा रोज परवडत नाही, आठवड्यातून दोनदा आणते ताई. आई शेजारणीला सांगते, बड्या लोकांचा ट्रे आहे, वाटीत गोळी ठेवूनच येतो. मळमळ अजून होते एक दिवस, पण आता ती म्हणते, "भारी ट्रेचं असंच असतं."

मग ताईने फोन घेऊन ओसरीवर नेला. डॉक्टरांनी हाताचा फोटो काढलाय. उजव्या हाताची दोन बोटं वाकली आहेत ती आता सरळ होणार नाहीत. मधल्या काळात जे झिजलं ते परत येत नाही म्हणाले. व्यायाम करायचा, आहे ते टिकवायचं. सुई धरता येणार नाही. दुकानवाल्याने गठ्ठा परत नेला.

"आईला माहीत आहे?"

"बोटं तिची आहेत. तिला माहीत नसेल?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, धाकट्याला एवढ्यात सांगू नकोस."

मी म्हटलं, बरं, मला माहीत नाही. मग आईने परत फोन घेतला आणि म्हणाली, पावसाळा संपला की काजं घेईन परत, तोवर जरा विश्रांती. मी म्हटलं, हो, कर विश्रांती. तू दुकानवाल्याची काळजी करू नकोस.

या महिन्यात घरी पाठवायचे नेहमीचे पैसे, त्यात गोळ्यांचे आणि तपासणीचे, त्यात मासे आणि अंडी, आणि दुकानवाला आईला महिन्याचे जेवढे द्यायचा तेवढे वर. ते दर महिन्याला जातील. ताईने विचारलं तर सांगणार, पगार वाढला. वाढलेला नाही. चौदा हजार तीनशे पाठवतोय.